सेमी-ऑटो शॉटगन: आधी बोल्ट मिटायला शिका

बोअर, चोक, चेंबर, सेफ्टी हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, परवान्याचे आणि शिकारीचे आपापल्या देशाचे नियम वाचून झाले आहेत, असं धरून चालतो. जिथे शिकारीला बंदी आहे तिथे क्लेचं (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचं) मैदान आहेच. बंदूक तीच, सवयीही त्याच.

सेमी-ऑटो, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस स्वतःच भरणारी बंदूक, हातात आली की पहिले काही महिने सगळं लक्ष चोककडे, नळीच्या लांबीकडे आणि 'कुठलं काडतूस भारी' याकडे जातं. बोल्टकडे, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाकडे, कुणी बघत नाही, कारण तो आपोआप मागे जातो आणि आपोआप पुढे येतो. फसगत तिथेच होते. खाली बरंचसं त्या एका फसगतीबद्दल आहे. लांबलंय, पण गाळू नका.

आधी घराणी. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत नळीला बारीक भोकं असतात. बार उडाला की थोडा वायू त्यांतून उतरतो, पिस्टन ढकलतो आणि पिस्टन बोल्टला मागे नेतो. धक्का जरा पसरतो, म्हणून खांद्याला मऊ लागते. बदल्यात काजळी मिळते. इनर्शियाच्या बंदुकीत भोकंही नाहीत आणि पिस्टनही नाही. बारासरशी बंदूक मागे सरकते, बोल्टचं जड धड क्षणभर जागच्या जागी राहतं, आणि धड व डोकं यांच्यामधली आखूड, जाड स्प्रिंग दबते. ती सुटली की डोकं फिरतं, कुलूप उघडतं आणि बोल्ट मागे येतो. ही स्वच्छ राहते, वजन ३ किलोच्या आसपास, पण बंदूक मोकळेपणी मागे सरकली तरच चालते. दस्ता झाडाला टेकवून बार काढा किंवा नळीखाली टॉर्च आणि लांब मॅगझिन (काडतुसं साठवणारी नळी) लटकवा, ती अडू शकते. तिसरं घराणं जुनं: जॉन ब्राउनिंग यांची ऑटो-५, पेटंट १९०० चं, जिच्यात अख्खी नळीच मागे सरकते. जुनी मिळाली तर पुढच्या दस्त्याखालच्या घर्षणकड्या हलक्या आणि जड काडतुसांसाठी वेगवेगळ्या रचनेत लावायच्या असतात. जड काडतुसाला हलकी रचना राहिली की पुढचा दस्ता तडकतो.

क्लेसाठी गॅस, दिवसभर खांद्यावर घेऊन चालायचं असेल तर इनर्शिया, हे माझं मत. आणि ८९ मिमी चेंबरची बंदूक पहिली म्हणून घेऊच नका. सगळं पचवण्यासाठी बनवलेली ती बंदूक क्लेची हलकी काडतुसं पचवताना कुरकुरते, आणि क्लेची काडतुसं हलकीच असतात: २४ किंवा २८ ग्रॅम छर्रे.

आता फसगत. तुम्ही आडोशाला बसला आहात. आवाज नको म्हणून बोल्टचं हँडल हातात धरून हळूच पुढे नेता आणि अलगद टेकवता. काडतूस चेंबरमध्ये गेलेलं दिसतं, हँडल पुढे आलेलं दिसतं. पक्षी उठतो, चाप ओढता आणि 'खट्'. बार नाही.

काडतूस निर्दोष होतं. झालं ते असं: इनर्शियाच्या आणि बऱ्याच गॅसच्या बंदुकांत बोल्टचं डोकं पुढे जाऊन थांबत नाही, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत ते फिरतं आणि त्याच्या कानांनी नळीच्या मागच्या खाचांत कुलूप लावतं. त्या फिरण्याला जोर लागतो, आणि तो जोर स्प्रिंगने मागून फेकलेल्या बोल्टच्या वेगातून येतो. तुम्ही वेग काढून घेतलात की डोकं अर्धंच फिरतं. डोकं पूर्ण फिरल्याशिवाय फायरिंग पिन (ठोकणारी सुई) टोपीपर्यंत, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागापर्यंत, पोचू नये अशीच रचना असते, आणि ती चांगल्यासाठीच आहे, नाहीतर उघड्या कुलपावर बार उडाला असता. घोडा मात्र पडतो. म्हणून आवाज होतो, बार होत नाही.

हळू बंद करणं हे एकच कारण नाही. बंद बोल्टची बंदूक गाडीतून उतरवताना दस्त्यावर आपटली, तर बोल्ट त्याच्या वजनाने किंचित मागे सरकतो आणि परत पूर्ण मिटत नाही. नळीच्या मागच्या खाचांत काजळी आणि जुन्या तेलाचा लगदा साचला की तेच. गारठ्यात घट्ट झालेल्या तेलानेही तेच. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे परतीची स्प्रिंग. पुष्कळ मॉडेलांत ती दस्त्याच्या आत एका नळीत असते. तिथे पावसाचं पाणी आणि वरून ओघळलेलं तेल जमतं, गंज चढतो आणि स्प्रिंग चिकटत चालते. बाहेरून बंदूक आरशासारखी लखलखीत असते. वर्षातून एकदा, आणि पावसात भिजली की लगेच, दस्ता काढून ती नळी कोरडी करायची. स्प्रिंग दाबाखाली असते, मॅन्युअलमधला क्रम बघूनच काढा. जमत नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

उपाय साधा आहे. बोल्ट पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या. हात लावून सोबत पुढे नेऊ नका. 'खडाक्' आवाज व्हायलाच हवा. शांतता हवी असेल तर जागेवर पोचल्या पोचल्या, पक्षी यायच्या बराच आधी भरा. मग बोटं चापापासून दूर आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवून तळहाताच्या कडेने हँडल एकदा पुढे दाबा. हलला तर पूर्ण मिटला नव्हता. घरी रिकाम्या बंदुकीवर बोल्ट जोरात मिटवून हँडलच्या मागची कड जिथे येते तिथे रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या धडावर) रंगाचा बारीक ठिपका द्या. मैदानात नुसत्या नजरेने कळतं. काही नव्या मॉडेलांत ही अडचण कमी करणारी योजना आहे, तरी सवय सोडू नका.

आणि 'खट्' झालंच तर? इथे घाई महागात पडते. तोंड जिथे आहे तिथेच, सुरक्षित दिशेला, ३० सेकंद. काडतूस उशिराने उडू शकतं. हँडल पुढे ठोकून पुन्हा चाप ओढणं हा वेडेपणा आहे, शिवाय निरुपयोगी, कारण घोडा खाली पडलेला असतो आणि बोल्ट पूर्ण मागे गेल्याशिवाय चढत नाही. ३० सेकंदांनी बोल्ट उघडा, काडतूस काढा आणि त्याची टोपी बघा. टोपीवर खूणच नाही किंवा नुसता ओरखडा: बोल्ट मिटला नव्हता. खोल, स्वच्छ खळगा: काडतूस खराब. उथळ खळगा: फायरिंग पिनच्या वाटेत घाण किंवा घोड्याची स्प्रिंग दमलेली. एवढं वाचता आलं की तुम्हाला निम्म्या वेळा कारागिराकडे जावं लागणार नाही.

घाबरू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. पण दुसरी एक चूक अशी आहे की ती एकदाच करता येते. बार नेहमीसारखा न वाजता 'फुस्स' झाला, धक्का लागला नाही, बोल्ट मागे आला नाही. नवखा समजतो की बंदूक अडली, हाताने बोल्ट ओढतो, पुढचं काडतूस भरतो. वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला प्लॅस्टिकचा पेला) नळीत अडकलेला असू शकतो आणि पुढचा बार नळी फाडतो. आवाज वेगळा वाटला की थांबा, बंदूक रिकामी करा, नळी सुटी करून आरपार उजेड बघा. शेजारी हसले तर हसू द्या. तसंच १२ बोअरसोबत २० बोअरची काडतुसं एकाच खिशात कधीच नाहीत. २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे घसरून अडकतं, वर १२ चं बसतं, आणि मग हात वाचत नाही. २० ची काडतुसं बहुधा पिवळी असतात ती याचसाठी. चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते. ७० मिमी चेंबरमध्ये ७६ चं काडतूस भरताना नीट बसतं, कारण न उडालेलं काडतूस आखूड असतं. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. 'बसलं म्हणजे चालतं' हे शॉटगनला लागू नाही.

बंदूक अडते तेव्हा रिकामं टरफल कुठे पडतं ते बघा, बंदूक तिथेच बोलते. पायाशी पडत असेल किंवा खिडकीत (टरफल बाहेर पडायच्या फटीत) उभं अडकत असेल तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही: काडतूस हलकं आहे, पिस्टनवर काजळी आहे, किंवा खांदा ढिला आहे. टरफल चेंबरमध्येच राहत असेल तर एक्स्ट्रॅक्टरचं (टरफल ओढून काढणाऱ्या आकड्याचं) नख आणि चेंबर तपासा. स्वस्त काडतुसांची पोलादी बुडं फुगून चेंबरमध्ये चिकटतात. नवी बंदूक २४ ग्रॅमवर अडली म्हणून लगेच नावं ठेवू नका. मॅन्युअलमध्ये सुरुवातीला जड काडतुसं सांगितली असतात, ३२ ग्रॅमची चार-पाच खोकी उडवून घर्षण बसू द्या. त्यानंतरही अडली तर ती बंदूक २४ साठी नाही. पण कुणाच्या सांगण्यावरून गॅसची भोकं मोठी करू नका, स्प्रिंग कापू नका. दुपारी हलकं काडतूस चाललेलं दिसतं, आणि पुढच्या हंगामात जड काडतुसाने रिसीव्हरचा मागचा भाग ठोकून निघतो.

तेलाबद्दल भांडण नेहमीचंच. माझी बाजू कोरड्याची. बोल्टच्या रुळांवर एकेक थेंब, डोक्याच्या कानांवर बोटाने पुसट हात. गॅसच्या पिस्टनवर बहुतेक बंदुकांत तेलाचा नुसता पुसटसा थर पुरे. जास्त झालं की काजळीचं डांबर होतं. चापाच्या यंत्रणेत स्प्रे मारणारे लोक दोन महिन्यांनी तक्रार घेऊन येतात. गॅसची बंदूक साधारण ३०० बारांनी खोलून पुसा. इनर्शिया जास्त दम धरते, पण नळीतला वॅडचा प्लॅस्टिकचा थर आणि मागच्या खाचा विसरू नका. पुढच्या दस्त्याची टोपण-चकती दर २५ बारांनी हाताने आवळून बघा. ती ढिली पडली की नळी हलते, छर्रे भलतीकडे जातात आणि दस्ता चिरतो. चोकचंही तेच: बंदूक रिकामी करून किल्लीने तपासा, आट्यांना ग्रीसचा हलका हात. ढिला चोक नळीचं तोंड घेऊन जातो.

चोकवर रात्री जागवण्यापेक्षा एक दुपार कागदावर घालवा. सुमारे ३६ मीटरवर मोठा कागद, एकच बार, मग छर्रे जिथे दाट आहेत तिथे ७६ सेंमी व्यासाचं वर्तुळ. अमेरिकी साडेसात नंबरच्या (हा छर्ऱ्याच्या आकाराचा नंबर) २८ ग्रॅममध्ये अंदाजे ३५० शिशाचे छर्रे असतात. फुल चोकला त्यांतले साधारण ७० टक्के वर्तुळात यायला हवेत, मॉडिफाइडला ६०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला ५०. स्कीटला, म्हणजे जवळून आडव्या जाणाऱ्या क्लेला, उघडा चोक; ट्रॅपला, म्हणजे समोर लांब जाणाऱ्या क्लेला, घट्ट. पोलादी छर्रे वापरायचे तर दोन आकार मोठे घ्या, कारण पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं, आणि चोक मॉडिफाइडपेक्षा घट्ट नको. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे, युरोपीय संघात पाणथळ जागी २०२३ पासून. तिथे हे शिकणं ऐच्छिक नाही. पक्ष्यांच्या शिकारीत मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं, असा नियमही अनेक ठिकाणी आहे. त्यासाठीचा दांडा बहुधा बंदुकीसोबत येतो, तो काढून फेकू नका.

क्ले चुकले की गुरुजन मागून ओरडतात, 'मागे मारलंस!' बहुतेक वेळा ते खरंही असतं, पण कारण पुढे नेम कमी धरला हे नसतं. गाल दस्त्यावरून उचललेला असतो किंवा बंदूक थांबलेली असते. असा माणूस शोधा जो क्लेकडे न बघता तुमच्या गालाकडे आणि पायांकडे बघतो. दस्त्यासोबत आलेल्या शिम (पातळ पट्ट्या) बदलून उतार जुळवा: डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, उघडा, आणि डोळ्यासमोर रिसीव्हरची मागची बाजूच आली तर दस्ता खाली आहे. रोज रिकाम्या बंदुकीने पन्नास वेळा हे केलं तर मैदानातली दोन-तीन खोकी वाचतात.

सेमी-ऑटोवाल्यांकडे मैदानावर जरा वाकड्या नजरेने बघतात, आणि त्याला कारण आहे. दुनळी मधून मोडून उघडली की लांबूनही रिकामी दिसते, आपली दिसत नाही. म्हणून बोल्ट उघडा, चेंबरमध्ये रंगीत झेंडी, आणि तोंड वर किंवा खाली, आडवं कधीच नाही. ट्रॅपला उजवीकडच्या नेमबाजाच्या कानशिलावर तुमची टरफलं आदळतात. टरफल अडवणारी छोटी पट्टी लावा. पहिले काही आठवडे एका वेळी एकच काडतूस भरा, दुसऱ्याचा मोह टाळा. कान आणि डोळे दोन्ही झाकून.

दिवस संपला की उतरवायचं नीट. चेंबर रिकामं झालं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही: एखादं काडतूस मॅगझिनमध्ये असतं, एखादं नेमकं कॅरिअरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) येऊन बसलेलं असतं. तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली. बोल्ट ओढून चेंबरमधलं काढा, मॅगझिनचा अडसर दाबून उरलेली एकेक हातात घ्या, भरली होती तेवढी मोजा. बोल्ट मागे अडकवा. खालून कॅरिअर ढकलून मॅगझिनचा फॉलोअर (काडतुसं मागे ढकलणारी टोपी) दिसतो का ते बघा. मग उजेडावर विश्वास न ठेवता चेंबरमध्ये करंगळी घालून चाचपा, आणि त्यानंतरच बंदूक पेटीत ठेवा.