ठाण्याजवळच्या पारसिक डोंगराच्या उतारावर दाट झाडी लावायची असेल तर

आधी एक सांगतो, जागा वनखात्याची असेल तर परमिशन घ्या आणि पहिली कुदळ मे मध्येच मारा, पाऊस सुरू झाल्यावर खोदायला गेलात तर सगळा चिखल होतो. मियावाकी पद्धतीत (थोड्या जागेत स्थानिक झाडं दाटीने लावायची जपानी पद्धत) साधारण मीटरभर खोल माती भुसभुशीत करतात, आपल्याकडे मुरूम लागतो म्हणून त्यात शेणखत आणि भाताचं तूस भरपूर मिसळायचं. पण उतार तीव्र असेल तर सरसकट खोदू नका प्लीज, माती वाहून जाते, तिथे फक्त खड्डे घ्या.

रोपं दर चौरस मीटरला 3 ते 5. उंच झाड, मधलं झाड, झुडूप असं मिक्स हवं, म्हणजे ऐन, किंजळ, जांभूळ, बहावा, कुडा, करवंद, आणि एकाच जातीची दोन शेजारी नकोत. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात एक चक्कर मारा, तिथे जे आपोआप वाढतंय तेच आपलं. गिरिपुष्प, सुबाभूळ ही परदेशी झाडं फुकट मिळाली तरी नकोच.

वर पेंढ्याचा जाड थर द्या. उन्हाळ्यात पाणी 2-3 वर्षं द्यावंच लागतं, आणि फेब्रुवारीच्या आत भोवतीचं वाळलं गवत कापून जाळरेषा काढा, वणव्यात सगळी मेहनत एका दुपारी जाते.