बंक बेड घेताय? आधी खोली आणि पंखा मोजा

दोन मुलं आणि दहा बाय दहाची एकच खोली असली की बंक बेडचा विषय निघतोच. मुलांना तो हवा असतो, कारण रेल्वेत वरचा बर्थ मिळाल्याची मजा रोज मिळणार असते. आईवडिलांना हवा असतो, कारण अभ्यासाच्या टेबलाला जागा उरते. दोन्ही कारणं रास्त आहेत. अडचण खरेदीच्या क्रमात असते. पलंग आधी पसंत पडतो, रंग ठरतो, पैसे दिले जातात, आणि पंख्याचं पातं वरच्या गादीपासून हातभरच दूर आहे हे पलंग जोडून झाल्यावर लक्षात येतं. म्हणून दुकानात किंवा सुताराकडे जाण्याआधी घरात टेप घेऊन अर्धा तास घालवा.

पायरी १: वर कोण झोपणार ते ठरवा

सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका. अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे ही सूचना बंक बेडवर छापावीच लागते. अर्धवट झोपेत उठलेल्या लहान मुलाला आपण उंचावर आहोत याचं भान नसतं आणि अंधारात शिडीची पायरी पायाला सापडत नाही. मूल सहापेक्षा मोठं असलं तरी झोपेत चालत असेल, फिट येत असेल किंवा रात्री दोन-तीनदा लघवीला उठत असेल, तर त्याची जागा खालीच. घरात दीड-दोन वर्षांचं धाकटं असेल, तर दिवसा काढून ठेवता येणारी शिडी घ्या. नजर चुकली की ते वर चढणारच.

पायरी २: छत आणि पंखा

आपल्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, त्यामुळे हे जरा सविस्तर.

फरशीपासून छतापर्यंतची उंची मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट लागते. फॉल्स सीलिंग असेल तर त्यातले सहा-आठ इंच गेले. पलंग बीमखाली किंवा माळ्याखाली येणार असेल, तर मोजमाप त्याच्या खालच्या कडेपर्यंतच घ्या. आता हिशेब असा: खालच्या गादीचा पृष्ठभाग जमिनीपासून १६ इंचांवर. त्यावर ताठ बसायला ३४ इंच मोकळे, म्हणजे वरच्या पलंगाचा तळ ५० इंचांवर. त्याचा सांगाडा ४ इंच आणि गादी ४ इंच धरली की वरच्या गादीचा पृष्ठभाग ५८ इंचांवर येतो. ९ फुटांच्या छताखाली वर ५० इंच उरतात, आणि तेवढे भरपूर झाले. ३६ इंचांपेक्षा कमी उरत असतील तर मूल वर धड बसू शकणार नाही आणि उठताना रोज डोकं आपटेल. खालचे ३४ इंच मात्र कापू नका. युरोपीय मानकात किमान ७५ सेंमी चालतात, पण मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की तेवढ्यात वाकून बसावं लागतं, आणि आजी गोष्ट सांगायला खाली बसली तर तिलाही.

आता पंखा. साधारण त्याची पाती जमिनीपासून ८ फुटांवर, म्हणजे ९६ इंचांवर फिरतात. सात वर्षांचं मूल सुमारे ४७ इंच उंच असतं. ते ५८ इंचांवरच्या गादीवर उभं राहिलं तर डोकं १०५ इंचांवर जातं. पातं डोक्याच्याही खाली राहतं. मूल उभं राहणार नाही, असं समजून पलंग लावता येत नाही. चादर झटकताना, उशी फेकताना ते उभं राहतंच.

आडवं अंतरही तपासा. १० बाय १० फुटांच्या खोलीत मधोमध नेहमीचा ४८ इंची पंखा असेल, तर पात्याचं टोक भिंतीपासून ३६ इंचांवर येतं. ३६ इंची गादीचा पलंग सांगाड्यासकट ३९ इंच रुंद होतो. म्हणजे पातं थेट पलंगावर. १० बाय १२ च्या खोलीत १० फुटी भिंतीला पलंग लावला तर ९ इंच अंतर मिळतं, ३६ इंची छोटा पंखा बसवला तर १५ इंच. कठड्यावरून झुकून हात लांबवणाऱ्या मुलाचा विचार केला, तर आमच्या मते पलंगाची कड आणि पात्याचं टोक यांत किमान ३० इंच हवेत. ते मिळत नसतील तर छताचा पंखा काढा आणि समोरच्या भिंतीवर जाळीचा १६ इंची पंखा लावा, वरच्या मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी. यात आणखी एक फायदा आहे. छताच्या पंख्याचा वारा खालच्या पलंगावर नीट लागतच नाही, भिंतीवरचा लागतो.

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर मे महिन्यात छताजवळ किती तापतं हेही एकदा दुपारी शिडीवर चढून पाहा. एसीचा झोत वरच्या उशाकडे येऊ देऊ नका. बिनग्रिलच्या खिडकीला लागून तर बंक बेड नकोच.

एवढं करून हिशेब बसत नसेल, तर बंक बेडचा हट्ट सोडून खालून ओढून काढायचा पलंग घ्या. त्याला समोर तीन फूट मोकळी जागा लागते, पण कुणी उंचावरून पडत नाही.

पायरी ३: कठडा आणि गादी एकत्रच ठरवा

वरच्या पलंगाला चारही बाजूंनी कठडा हवा, भिंतीकडच्या बाजूलाही. भिंत आहे म्हणून तिकडचा कठडा गाळणं ही नेहमीची चूक. पलंग वापरात दोन-तीन इंच सरकतो आणि त्या फटीत झोपलेलं मूल घसरतं. चढण्या-उतरण्यासाठी पुढच्या बाजूला १२ ते १५ इंचांची एकच मोकळीक ठेवा.

कठड्याची उंची फळीपासून मोजून फसू नका. ती गादीच्या पृष्ठभागापासून मोजायची. अमेरिकेच्या नियमात ती किमान ५ इंच आहे, युरोपात १६ सेंमी, म्हणजे सव्वासहा इंचांहून थोडी जास्त. समजा फळीपासून कठडा १२ इंच आहे. त्यावर ४ इंची गादी टाकली तर ८ इंच उरतात, ठीक. ६ इंची टाकली तर ६ उरतात आणि युरोपीय मापात बसत नाही. दुकानदाराने कौतुकाने दिलेली ८ इंची गादी टाकली तर उरतात फक्त ४. म्हणून वर ४ इंचांचीच गादी घ्या आणि तिच्या जाडीची रेघ पलंगावर आतून मारून ठेवा. सुताराकडून करून घेत असाल तर फळीपासून १४ इंच कठडा सांगा.

कठड्याच्या दोन पट्ट्यांमधली फट ६ ते ७.५ सेंमी असावी. त्याहून मोठ्या फटीतून मुलाचं धड पाय पुढे करून बाहेर सरकतं, डोकं मात्र अडकतं आणि सगळं वजन मानेवर येतं. पडण्यापेक्षा हे जास्त भयंकर आहे. घरात क्रिकेटचा सीझन बॉल असेल तर तो मापाला वापरा. त्याचा व्यास सुमारे ७.२ सेंमी असतो. तो ऐसपैस आरपार जात असेल तर फट मोठी आहे. हीच तपासणी गादी आणि कठडा यांमधल्या जागेत, शिडीच्या कडेला आणि खालच्या पलंगाच्या उशा-पायथ्याकडेही करा. गादी चौकटीत घट्ट बसली पाहिजे. बाजूला इंचापेक्षा जास्त जागा नको. बाजारात ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या गाद्या मिळतात, त्यामुळे आधी गादीची लांबी ठरवून मग चौकट करा.

पायरी ४: लाकूड, प्लाय की लोखंड

सागवान किंवा रबरवुडचा पलंग महाग पडतो, पण नट-बोल्ट पुन्हा पुन्हा आवळता येतात. प्लायमध्ये आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) किंवा आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, बाजूंना १८-१९ मिमी. शिक्का प्रत्येक शीटवर असतो. काम सुरू होण्याआधी स्वतः वाचा. पार्टिकल बोर्ड बंक बेडला नको. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो फुगतो आणि एकदा सैल झालेला स्क्रू त्यात पुन्हा धरत नाही. लोखंडी पलंग घ्यायचा तर पाइप १६ गेजचा (गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड), पावडर कोटिंग केलेला. २० गेजचा पाइप हलका लागतो आणि मूल वर कुशीवर वळलं तरी खालच्याला कळतं.

सांध्यांकडे रंगापेक्षा जास्त लक्ष द्या. बाजूची पट्टी पायाला जोडते तिथे प्रत्येक कोपऱ्यात ८ किंवा १० मिमीचे दोन बोल्ट हवेत. प्लायच्या कडेत मारलेला नुसता स्क्रू थर फाडून सुटतो.

वरची फळी ज्या आधारपट्टीवर टेकते ती २ इंच बाय १ इंचाची, फेविकॉल लावून दर ८ इंचांवर स्क्रू मारलेली असावी. त्यावर चार-पाच आडवे आधार आणि वर १२ मिमी प्लाय. फळी नुसती ठेवू नका, स्क्रूने बांधा. खाली झोपलेलं मूल पाय वर करून फळीला ढकलतंच, आणि न बांधलेली फळी पट्टीवरून निसटते. प्लायला पाऊण इंची भोकं पाडून घ्या, नाहीतर पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते. बेडशीट बदलायला मोठं माणूस वर चढणार, त्यामुळे आधार शंभर किलोच्या हिशेबाने हवा.

रंगाबाबत एक नियम तुमच्या बाजूने आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त चालत नाही. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. त्याआधीचा, जुना रंगवलेला पलंग कुणी देऊ केला तर लहान मुलं कडा चावतात हे लक्षात ठेवा. पॉलिश झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून दहा-पंधरा दिवस वास जाऊ द्या.

तयार पलंग घेताना आयएस १७६३६ विचारा. भारतीय मानक ब्यूरोचं बंक बेडसाठीचं स्वतंत्र मानक आहे ते.

पायरी ५: शिडी

सरळ उभी, गोल पाइपची शिडी दिसायला सुटसुटीत, पण अनवाणी पायाला टोचते आणि उतरताना घसरते. पायऱ्या सपाट, ३ ते ४ इंच खोल, किमान १२ इंच रुंद, एकमेकींपासून ९ ते ११ इंचांवर आणि सगळ्या सारख्याच अंतरावर असाव्यात. शेवटची पायरी वेगळ्या उंचीवर आली की अंधारात पाय चुकतोच. शिडी वरच्या चौकटीला हुकने नुसती अडकवलेली नसावी, बोल्ट किंवा खिट्टी हवी. खणांचा जिना जास्त सुरक्षित, पण लांबीत आणखी दीड फूट खातो आणि त्याच्या उघड्या बाजूलाही कठडा लागतो.

पायरी ६: जोडणी आणि नंतर

लिफ्ट आणि दाराची रुंदी आधीच मोजा. शक्यतो खोलीतच जोडणी करवून घ्या. वरची चौकट भिंतीला दोन ठिकाणी बांधा. काँक्रीट किंवा विटेच्या भिंतीत १० मिमीचे फिशर (स्क्रूसाठी भोकात बसवायचे प्लग) चालतात. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये मात्र ते सुटतात, तिथे ब्लॉकसाठीचे लांब अँकर मागवा. भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल तर खालचा पलंग जड, पायांची बैठक रुंद असा घ्या. वरचा पलंग काढून दोन वेगळे पलंग होणारा प्रकार असेल, तर चारही पायांतल्या लोखंडी पिना पूर्ण आत बसल्यात का पाहा आणि वरचा भाग उचलून बघा. सहज उचलला जात असेल तर तो पसंत करू नका.

मुलांना चढू देण्याआधी एका मोठ्या माणसाने वर बसून दोन्ही बाजूंना डुलून पाहावं आणि दुसऱ्याने खालून फळीला पाय लावून ढकलावं. करकर ऐकू आली तर तो सांधा उघडून पुन्हा आवळा, तेल घालून गप्प करू नका. पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट एकदा आवळा, मग दर तीन महिन्यांनी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आकसतं, आणि सैल बोल्ट बहुतेक दिवाळीच्या सुमारास सापडतात.

वरच्या कठड्याला ओढणी, दप्तराचा पट्टा, दोरीउड्यांची दोरी, मच्छरदाणीच्या लांब नाड्या काहीही बांधलेलं नको. मूल घसरलं तर त्याचा फास होतो. डासांसाठी खिडकीला जाळी लावणं बरं. शिडीच्या पायथ्याशी एक छोटा रात्रदिवा लावा आणि तिथली जागा रोज रात्री मोकळी करून ठेवा, खेळणी आणि चपलांसकट.