गाडीचा अल्टरनेटर घरच्या घरी कसा तपासावा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की बॅटरीतले पाणी भराभर आटते, आणि सकाळी सेल्फ अडखळला की दोष सरळ बॅटरीच्या माथी मारला जातो. मीही तसाच नवी बॅटरी बसवून मोकळा झालो होतो. आठवडाभराने चाळीसगावजवळचा कन्नड घाट रात्री उतरताना हेडलाइट पिवळे पडू लागले, तेव्हा अल्टरनेटरची, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, आठवण झाली.

तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. त्याहून कमी असल्यास आधी चार्ज करून घ्यावी, कारण उपाशी बॅटरीवरचे पुढचे आकडे फसवतात. मीटरची पिन वायरीच्या क्लॅम्पवर न टेकवता शिशाच्या खुंटीवरच टेकवावी. इंजिन चालू असताना खुंटीवर आणि क्लॅम्पवर वेगवेगळे आकडे आले, तर मधल्या पांढऱ्या-हिरव्या थरातच दोष आहे असे समजून तो गरम पाण्याने धुऊन काढावा.

मग गळ्यातला उन्हाळी रुमाल काढून ठेवून, कारण अल्टरनेटरचा पट्टा फिरत असतो, इंजिन चालू करावे. आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो १२.५ च्या खालीच राहून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. हेडलाइट आणि एसी लावून इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर ठेवले तरी तो १३.५ च्या आसपास टिकावा. भर दुपारी तापलेला रेग्युलेटर मुद्दामच व्होल्टेज थोडे उतरवतो, म्हणून मी मोजमाप सकाळी करतो. ऋण टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या हाती असते. तिथे कमी आकडा दिसला म्हणून लगेच घाबरू नये.

आकडा कमीच असेल, तर इंजिन आणि सगळे दिवे चालू ठेवून एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या धन खुंटीवर ठेवावी. फरक ०.३ व्होल्टपेक्षा बराच जास्त आला, तर आधी वायर आणि फ्यूज पाहावेत. तो नट गाडी बंद असतानाही जिवंत असतो. त्यावर ठेवलेला पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. शेवटी इंजिन चालू असतानाच मीटर एसी व्होल्टवर (डीसीऐवजी उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या मापावर) फिरवून बॅटरीवर पाहावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास अल्टरनेटरमधला, एसीची डीसी वीज करणारा डायोड गेल्याची शंका घ्यावी.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून बघण्याची जुन्या डिझेल जीपच्या काळातली सवय मात्र सोडून द्यावी. व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जळू शकतो.

माझ्या गाडीत आकडा १२.३ वरच अडकला होता. पट्टा घट्ट होता, वायर ठीक होती, पण अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश झिजून खुंट उरले होते. ते बदलताच मीटरने १४.२ दाखवले. जुनी बॅटरी मात्र तोवर बदलीत देऊन झाली होती.