नगरच्या युद्धकैद्यांचा माग काढायचा, तर आधी युद्ध ओळखा

मी 34 वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली बरीचशी नगरला सॉर्टिंगच्या टेबलावर. निवृत्त झाल्यावर जुन्या बाजारात एका रद्दीवाल्याकडे एक पोस्टकार्ड हाती लागलं. मजकूर जर्मन, तारीख 1916 ची, पत्ता 'प्रिझनर ऑफ वॉर, अहमदनगर'. त्यावर तिकीट नव्हतं आणि बेरंगचा, म्हणजे हशील बाकी असल्याचा, शिक्काही नव्हता. टपालवाल्याला असं कार्ड खाली ठेववत नाही. 1907 च्या हेग करारानुसार युद्धकैद्यांचं टपाल फुकट जात असे, हे मला पुढे वाचून कळलं. हे कार्ड माझ्या टेबलासारख्याच एखाद्या टेबलावरून छावणीत गेलं असणार. तेव्हापासून मी हा माग काढतो आहे. आपल्या गावातली अशी जागा कुणाला शोधायची असेल, तर मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो.

आधी हे ठरवा की तुम्ही कुठल्या युद्धामागे आहात. नगरला ही गाठ फार घट्ट आहे. 1901-02 मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बोअर, म्हणजे इंग्रजांशी लढलेले तिथले डच वंशाचे लोक, कैदी म्हणून इथे आणले गेले. हिंदुस्थानात आणलेल्या बोअरांची संख्या नऊ हजारांच्या आसपास होती आणि त्यांची एक छावणी साताऱ्यालाही होती. 1914 नंतर जर्मन आणि ऑस्ट्रियन आले. सप्टेंबर 1939 मध्ये पुन्हा जर्मन आले. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडला गेलेला गिर्यारोहक हाइनरिक हारर त्यांतलाच. 1941 मध्ये या लोकांना देवळालीमार्गे डेहराडूनला हलवलं. मग ऑगस्ट 1942 मध्ये किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद आले. गावाच्या आठवणीत हे सगळं एकमेकांत कालवलं गेलं आहे, आणि चुका इथेच होतात.

वीस वर्षांपूर्वी भिंगारच्या एका आजोबांनी मला ठामपणे सांगितलं होतं, "नेहरू किल्ल्यात होते तेव्हाच आम्ही तिथे जर्मन कैदी पाहिले." मी वहीत तसंच उतरवलं आणि वर्षभर चुकीच्या दिशेने गेलो. नेहरू किल्ल्यात आले त्याच्या आदल्याच वर्षी जर्मन इथून गेले होते. आजोबा खोटं बोलत नव्हते, लहानपणीच्या दोन आठवणी एकीला एक चिकटल्या होत्या. त्यामुळे आता मी कुणाला साल विचारत नाही. "तेव्हा तुम्ही कितवीत होतात? चले जावच्या आधी की नंतर? रेशन सुरू झालं होतं का?" असं विचारतो. उत्तर आपोआप जागेवर बसतं. ज्यांनी स्वतः पाहिलं ते आता फार थोडे उरलेत. घरात कुणी नव्वदीचं असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवून आधी त्यांच्याजवळ बसा.

दुसरी गोष्ट, 'कैदी' या शब्दावर विसंबू नका. पहिल्या महायुद्धात नगरला आलेले सगळे सैनिक नव्हते. व्यापारी होते, मिशनरी होते. मंगळूर-मलबारकडे काम करणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराच्या बासेल मिशनचे पाद्रीही इथे स्थानबद्ध होते. दुसऱ्या महायुद्धात पुरंदर आणि साताऱ्याला तर जर्मन कुटुंबंच ठेवली होती. सैनिक आणि स्थानबद्ध नागरिक यांचे कागद वेगवेगळ्या खात्यांत असतात, म्हणून हा फरक आधीच करून घ्या.

कागद कुठे मिळतात? पहिल्या महायुद्धासाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसचा संग्रह सगळ्यांत मोलाचा आहे. त्यांनी कैद्यांची कार्डं आणि छावण्यांचे अहवाल इंटरनेटवर खुले केले आहेत. 1917 मध्ये त्यांचे प्रतिनिधी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या छावण्या पाहून गेले, त्याचा अहवालही आहे. फ्रेंच येत नसेल तर मोबाइलच्या भाषांतरावर भागतं, पण आकडे आणि नावं मूळ पानावरूनच उतरवा. बोअरांसाठी ब्लुमफाँटेनचं युद्धसंग्रहालय आहे, तिथे कैद्यांनी हाताने कोरलेल्या वस्तूही जपल्या आहेत. बासेल मिशनचं दफ्तर बासेलला आहे. आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, त्याचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं पुराभिलेखागार. शोधताना जुनं इंग्रजी स्पेलिंगच घाला. 'अहिल्यानगर' टाकलंत तर त्या काळातलं काहीच हाती लागणार नाही.

मृत्यूंच्या नोंदी हव्या असतील, तर मुंबई इलाख्याची चर्चची दफनपुस्तकं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कबरीवरचं नाव आधी कागदावर उतरवा आणि मग फोटो काढा. उन्हं तिरपी असताना, सकाळी आठच्या सुमारास, झिजलेली अक्षरं वाचता येतात. दगडाला खडू किंवा पीठ फासू नका, ब्रशने घासू नका. ती कुणाच्या तरी माणसाची कबर आहे.

हे सगळं झाल्यावर जागेवर जा. बरॅकी पडतात, पण जोती राहतात. पडवीची पायरी, पाण्याचा हौद, दगडी पन्हळ हे शोधा. जोत्याची लांबी पावलांनी नको, टेपने मोजा आणि जुन्या नकाशाशी ताडा. कौलांवरचे शिक्के जरूर पाहा, मात्र जपून. मंगळुरी कौलावर '1865' दिसलं की लोक उडी मारतात आणि इमारत 1865 ची ठरवून टाकतात. ते बासेल मिशनचा कारखाना निघाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे. पहिल्या महायुद्धात सरकारने ते कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून कौलावर कॉमनवेल्थचं नाव असेल, तर ते महायुद्धानंतरचं. नगरच्या छावणीत बसलेल्या पाद्र्यांच्याच मिशनची ही कौलं, आणि तीच मला इमारतीचा काळ सांगत होती. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

परवानगीचं स्पष्ट सांगतो. किल्ला आणि आजूबाजूची बरीच जमीन लष्कराची आहे. लेखी अर्ज करा, उत्तराची वाट पाहा. ड्रोन नको, लपूनछपून मोबाइलने फोटोही नकोत. एका कचेरीत माझा अर्ज दोनदा गहाळ झाला. तिसऱ्यांदा मी रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवला आणि काम झालं. खणू तर अजिबात नका. जमिनीत पुरलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असा 1878 चा कायदा आहे. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कुणाच्या माळ्यावर बोअर कैद्याने कोरलेली पेटी निघाली, तर हे घरच्यांना सांगा. आणि मातीतून उपटून काढलेल्या बटणाचा ते कुठल्या थरात, कशाजवळ होतं हा अर्थच निघून जातो.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीनच खुणा करा: स्वतः पाहिलं, कागदावर वाचलं, ऐकलं. माझ्या पहिल्या वहीत हा भेद नव्हता. ती अख्खी वही मला पुन्हा लिहावी लागली.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. मजकूर एका जर्मन शिकणाऱ्या मुलीकडून लावून घेतला. आईने मुलाला लिहिलं आहे की सफरचंदं यंदा बरी आली, तुझा कोट धुऊन ठेवला आहे. मुलाच्या नावाची नोंद रेड क्रॉसच्या कार्डांत शोधतो आहे. आडनावाचं पहिलं अक्षर नीट लागत नाही, म्हणून तीन अक्षरं धरून चाललो आहे. दोन झाली, तिसरं बाकी आहे.