कॉलेजमध्ये रवांडाच्या नरसंहारावर कार्यक्रम करायचाय? मग असं करा

पहिलं म्हणजे जगातले सगळे नरसंहार एका दुपारी उरकायला जाऊ नका, होलोकॉस्ट, आर्मेनिया, कंबोडिया सगळं एकाच पोस्टरवर कोंबलं की कुणी थांबून वाचत नाही. एकच घ्या. मी म्हणेन आफ्रिकेतल्या रवांडाचा, १९९४ चा, जिथं हुतू गटातल्या कट्टर लोकांनी मुख्यतः तुत्सी गटाला मारलं, कारण तिथं मारणारे बरेचसे शेजारीपाजारीच होते आणि हे सगळं कसं जमवून आणलं ते नंतर कोर्टात पुराव्यानिशी उघडं पडलंय.

तारीख ९ डिसेंबर धरा. १९४८ साली याच दिवशी युनोत नरसंहारविरोधी करार मंजूर झाला. पेपर असतील तर आठवडाभर पुढंमागं करा, काही बिघडत नाही. अर्जात 'युनोचा स्मरणदिन' असं स्पष्ट लिहा आणि भारतानं १९५९ मध्येच करार मान्य केलाय हेही टाका, म्हणजे प्राचार्यांना 'हे काय राजकारण' वाटायला नको. एनएसएसच्या सरांना आधी पटवा, हॉल-प्रोजेक्टरचं बरंच काम तिथंच होतं.

आता बोर्ड. साधारण शंभर दिवसांत किमान आठ लाख माणसं मारली, हा आकडा द्याच पण त्यानं सुरुवात नको, एवढा आकडा डोक्यात शिरतच नाही. सुरुवात ओळखपत्रापासून करा. बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, माणसाचा गट लिहिलेली कार्डं आली. पुढच्या कार्डांवर हुतू, तुत्सी, त्वा अशी तिथल्या गटांची नावं छापलेलीच असायची, लागू नाही ते खोडायचं. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर नाके लावून तेच कार्ड मागायचे आणि तुत्सी दिसलं की संपलं. त्या कार्डाचा फोटो मोठा प्रिंट करून गेटपाशी लावा, आपल्या पोरांच्या गळ्यात आयडी असतोच, वेगळं काही समजवावं लागत नाही.

पण मुलांनाच दोन गटांत उभं करून 'अनुभव' द्यायचा प्रकार प्लीज नको. कुणाच्या घरानं दंगलीत काय भोगलंय आपल्याला माहीत नसतं. मृतदेहांचे फोटोही नकोत, लोक मान फिरवून कॅन्टीनला जातात.

दुसरा बोर्ड रेडिओचा. आरटीएलएम नावाचं स्टेशन १९९३ मध्ये सुरू झालं, झकास गाणी, गप्पा, जोक, आणि त्यातच तुत्सींना 'झुरळं' म्हणायचं, पुढं तर कुणाला शोधायचं त्यांची नावंच हवेवर. २००३ मध्ये रवांडासाठी युनोनं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय कोर्टानं रेडिओ नि पेपरवाल्या तिघांना दोषी ठरवलं. बोर्डाखाली एक खोका ठेवा: 'तुमच्या ग्रुपवर कुठल्या लोकांना काय म्हणतात?' चिठ्ठीवर नाव नको. चिठ्ठ्या आधी तुम्ही वाचा, भिंतीवर चिकटवू नका, नाहीतर त्याच शिव्यांची जाहिरात होईल. चर्चा मात्र त्यावरच घ्या.

चर्चेत कुणीतरी 'मग आपल्याकडचं काय?' विचारणारच. टाळू नका, पण लॉ किंवा इतिहासाच्या मॅडम सोबत हव्यात, कारण करारात नरसंहार कशाला म्हणायचं ते नेमकं लिहिलंय, एखादा गट गट म्हणूनच नष्ट करायचा हेतू लागतो, आणि ते माहीत नसलं की नुसती भांडणं. आणि शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं तासभर भाषण, सेल्फी पॉइंट, हे त्या दिवशी राहू द्या राव.