इंदूरहून येणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाची चौकशी आणि तिची तयारी

ऑस्ट्रेलियाच्या १८९, १९० किंवा ४९१ या स्किल्ड व्हिसाचं निमंत्रण आलं की घरात पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. पण त्या दिवसापासून अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. इंदूरची जी मुलंमुली मला मेलबर्नला फोन करून विचारतात, त्यांतल्या बहुतेकांचे हे दिवस पैशांच्या जुळवाजुळवीत आणि मेडिकलच्या तारखेत जातात. पार्श्वभूमीच्या चौकशीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं: "आमच्यावर कुठे काय केस आहे?" खरं आहे, नसते. पण चौकशी करणारा अधिकारी फक्त गुन्हा शोधत नाही. सगळ्या कागदांवर एकच माणूस आहे का, आणि गेल्या दहा वर्षांतला एखादा काळ हिशेबाबाहेर राहिलाय का, हेही तो बघतो. सरळमार्गी घरांतली मुलं अडकतात ती इथे.

या चौकशीचा कणा म्हणजे फॉर्म ८०. दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, कुठल्या देशांत कधी गेलात, कुठे शिकलात, कुठे नोकरी केलीत, नोकरी नव्हती तेव्हा काय करत होतात, आईवडील आणि भावंडं कोण, हे सगळं त्यात तारखांसह लिहायचं असतं. काहींना त्यासोबत फॉर्म १२२१ही मागतात. निमंत्रणाची वाट बघत असतानाच एक वही घ्या आणि दहा वर्षं महिन्यामहिन्याने लिहून काढा. फॉर्म त्यानंतर उघडा.

आपल्याकडचा नेहमीचा प्रवास घ्या. जीएसआयटीएसमधून इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, कोथरूडला मित्रांबरोबर खोली, नंतर हिंजवडीला फ्लॅट, मध्ये काही महिने घरी, मग कंपनीने लंडनला पाठवलं, परत पुणे. आणि फॉर्ममध्ये पत्ता एकच: रामबागेतलं घर, कारण आधारवर तोच आहे. नोकरीचं पत्र पुण्याचं आणि राहणं इंदूरचं, हे वाचणाऱ्याने कसं जुळवायचं? पीजीचा करार नसला तरी पत्ता लिहा. घरी बसलेले महिने 'नोकरी नव्हती, आईवडिलांकडे राहत होतो, खर्च त्यांनी केला' असे स्वच्छ लिहा. त्यात कमीपणा काही नाही. मोकळी सोडलेली जागा मात्र प्रश्न घेऊन परत येते.

मध्य प्रदेशातल्या मराठी घरांची मोठी अडचण नावांची. दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव आणि आडनाव, पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव, मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीवर काळेंचे काले झालेले, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे तरी एक अक्षर जास्त. लग्न झालेल्या मुलींचं याहून अवघड. डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. ते नाव बँकेच्या एखाद्या जुन्या खात्यावर किंवा रेशनकार्डावर निघतं. फॉर्ममध्ये आजवरची सगळी नावं विचारतात, तिथे ते लिहाच. सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं शपथपत्र जोडा. आईवडिलांच्या जन्मतारखांचंही तसंच. शाळेत लावलेली १ जुलै आणि घरात वाढदिवस करतात ती तारीख, अशा दोन असतील तर सरकारी कागदावरची लिहा आणि दुसरीचा खुलासा फॉर्मच्या शेवटी जादा माहितीच्या जागेत करा. हिंदीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. ते भारतात करून घेतलं तर भाषांतरकाराचं नाव, पत्ता, पात्रता आणि अनुभव त्यावर हवा.

आता पीसीसी, म्हणजे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर, गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण १२ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र लागतं. सलग राहणं नव्हे, सगळ्या फेऱ्या मिळून. ब्रिटनसाठी ते एसीआरओ या पोलीस कार्यालयाकडून मिळतं, अमेरिकेसाठी बोटांचे ठसे देऊन एफबीआयकडून. परदेशी प्रमाणपत्रांना वेळ लागतो, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. भारताचं पासपोर्ट सेवेतूनच काढा. अर्ज ऑनलाइन, फी ५०० रुपये, आणि तारीख इंदूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मिळते. पुढचं काम तुमच्या पोलीस ठाण्याचं. शिपाई घरी येतो किंवा फोन करून बोलावतो, कधी शेजाऱ्यांना विचारतो. तुम्ही पुण्यात आणि आईबाबा एकटे घरी असाल तर त्यांना आधी सांगून ठेवा. पोलीस दारात आल्यावर घाबरून "मुलगा इथे राहत नाही" एवढंच बोलून दार लावलं जातं, आणि अहवाल तसाच जातो. सध्या जिथे राहता तो पत्ता अर्जात खरा द्या आणि त्याचा पुरावा जवळ ठेवा. प्रमाणपत्र काढल्या तारखेपासून १२ महिने चालतं.

नोकरीची पडताळणीही होते. तुमच्या जुन्या कंपनीला ईमेल किंवा फोन जाऊ शकतो. ज्यांनी अनुभवाच्या पत्रावर सही केली त्या साहेबांना तुमचं पद आणि तारखा एकदा आठवण करून द्या. ते कंपनी सोडून गेले असतील तर त्यांचा चालू नंबर घ्या.

महूच्या लष्करी संस्थांत किंवा आपल्या कॅटमध्ये, म्हणजे राजा रामण्णा या सरकारी संशोधन केंद्रात, काम केलेल्यांनी कामाचं वर्णन अगदी नेमकं लिहावं. सैन्य, पोलीस, सरकारी नोकरी यांबद्दल फॉर्ममध्ये वेगळे प्रश्न आहेत. हो म्हटल्याने व्हिसा जात नाही. वेळ जास्त लागू शकतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

लपवू मात्र काहीही नका. अमेरिकेचा व्हिसा एकदा नाकारला गेला होता? लिहा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिका हे पाच देश आपसांत माहिती ताडून बघतात. कॉलेजातल्या भांडणाची जुनी केस, मोडलेल्या लग्नातली तक्रार, जे असेल ते कोर्टाच्या आदेशाच्या प्रतीसह सांगा. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली तर ४०२० नावाच्या अटीखाली अर्ज नाकारला जातो आणि तीन वर्षं दार बंद होतं. ओळखच खोटी निघाली तर दहा वर्षं. "एवढं कोण बघतंय, रिकामं सोडा" असं सांगणारा एजंट त्या वेळी तुमच्या बाजूला उभा नसतो. एजंटने भरलेला फॉर्म सबमिट होण्याआधी ओळ न् ओळ स्वतः वाचा. चूक नंतर लक्षात आली तर फॉर्म १०२३ भरून आपणहून कळवा, विचारणा होण्याची वाट बघू नका.

सुरक्षा तपासणी लागली तर ती एएसआयओ ही गुप्तचर संस्था करते. तिला ठरलेली मुदत नाही, आणि ती कुठवर आली हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. तुमच्याबरोबर अर्ज केलेल्या मित्राला ग्रँट, म्हणजे व्हिसाची मंजुरी, मिळते आणि तुमच्या इमीअकाउंटवर, म्हणजे अर्जाच्या ऑनलाइन खात्यावर, तीच ओळ दिसत राहते. हा काळ फार जड जातो, विशेषतः घरातले रोज विचारतात तेव्हा. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: ग्रँटचं पत्र हातात पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका, विजय नगरचा फ्लॅट विकू नका, मुलांचं नाव शाळेतून काढू नका. ईमेल रोज बघा, स्पॅमसकट, कारण कागद मागितले की साधारण २८ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मधल्या काळात नवा पासपोर्ट, नवा पत्ता, नवी नोकरी किंवा बाळ, काहीही झालं तरी लगेच कळवा.

इथे पोहोचल्यावरही हे कागद संपत नाहीत. बऱ्याच नोकऱ्यांना नॅशनल पोलीस चेक लागतो, शाळेत किंवा मुलांबरोबर काम करायचं तर राज्याचं वेगळं क्लिअरन्स. चार वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा नावं, पत्ते, प्रवास पुन्हा विचारतील. आईबाबांना व्हिजिटर व्हिसावर बोलवाल तेव्हा त्यांच्या अर्जात तुमची माहिती जाते, आणि तुमच्या अर्जात त्यांची गेलेलीच असते. दोन्हीकडचं स्पेलिंग आणि तारखा जुळायला हव्यात, म्हणून भरलेल्या फॉर्म ८०ची प्रत एजंटकडून मागून घ्या आणि एक छापून घरी बाबांच्या फाईलमध्ये ठेवा.