समुद्रातल्या तेलावर पैसे लावताय? या चुका टाळा

हिंजवडीत पगारासोबत अमेरिकन शेअर मिळाले, त्यासाठी परदेशी ब्रोकरकडे खातं उघडलं, आणि मग त्याच खात्यातून लंडनच्या एआयएम या छोट्या कंपन्यांच्या बाजारातल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या चिमुकल्या तेलकंपन्या दिसायला लागल्या. पुण्यात या वाटेनं येणारे बरेच आहेत. भाव चार-पाच पेन्स, नकाशावर नामिबियाच्या नाहीतर गयानाच्या किनाऱ्यापुढे रंगवलेला एक चौकोन, आणि त्याखाली म्हणे चाळीस कोटी बॅरल. कोव्ह एनर्जीचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ असतं: मोझांबिकच्या समुद्रातल्या वायूत ८.५ टक्के वाटा, आणि २०१२ मध्ये थायलंडच्या पीटीटीईपीनं शेअरमागे २४० पेन्स मोजून कंपनीच घेतली. तेवढ्याच धीटपणे विहिरी खणून कोरड्या पडलेल्यांची नावं मात्र कुणी सांगत नाही.

या खेळात पैसे लावूच नका, असं म्हणणं नाही. बुडाले तर हळहळ वाटेल पण घराचा हप्ता चुकणार नाही, एवढे लावा. पण त्याच त्या चुका करू नका.

बॅरल गुणिले सत्तर डॉलर

हा हिशेब करणाऱ्यांवर रागावणंही आता सोडून दिलं आहे. आकडे काल्पनिक घेऊ, पद्धत मात्र रोज दिसणारी. कंपनी म्हणते, ब्लॉकमध्ये, म्हणजे शोधाच्या परवान्याच्या क्षेत्रात, ४० कोटी बॅरल. उत्साही माणूस त्याला ७० डॉलरनं गुणतो, ६० कोटी शेअरनं भागतो आणि शेअरमागे ४६ डॉलर काढतो. बाजारात भाव ५ पेन्स. मग त्याला झोप कुठली?

आता कंपनीचा तज्ज्ञ-अहवाल, म्हणजे सीपीआर, उघडा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट असतो. सुरुवातीचं सारांशाचं पान सोडून थेट तक्त्याकडे जा. तिथं अक्षरांकडे बघायचं. १यू, २यू, ३यू म्हणजे अजून न सापडलेल्या तेलाचा कमी, मध्यम आणि जास्त अंदाज. १सी, २सी, ३सी म्हणजे सापडलेलं, पण काढायचं अजून ठरलेलं नाही. १पी, २पी, ३पी म्हणजे काढायचा आराखडा आहे आणि परवडतं आहे. आपले ४० कोटी बहुतेक वेळा २यू असतात, आणि तेही 'ग्रॉस', म्हणजे सगळ्या भागीदारांचे मिळून.

कंपनीचा वाटा २० टक्के असेल तर राहिले ८ कोटी. शेजारच्या रकान्यात जीसीओएस, म्हणजे भूगर्भीय यशाची शक्यता. ती समजा २० टक्के. राहिले १.६ कोटी. आणि समुद्रतळाखाली पडलेल्या बॅरलला ७० डॉलर कुणी देत नाही. तेल काढून साठवणारं एफपीएसओ जहाज, समुद्रतळावरची यंत्रणा, सरकारचा हिस्सा, कर आणि पहिला थेंब येईपर्यंतची वर्षं वजा केली की बॅरलमागे तीनेक डॉलर धरणं मला पुरेसं वाटतं. झाले ४.८ कोटी डॉलर. ५ पेन्स दरानं ६० कोटी शेअरची किंमत ३ कोटी पाउंड, म्हणजे अंदाजे ४ कोटी डॉलर. शेअर मातीमोल भावात मिळतोय असं काही नाही, वाजवी भावाच्या आसपास आहे. शिवाय त्या २० टक्क्यांचा अर्थ असा की पाचांतल्या चार वेळा विहीर कोरडी.

यातही दोन खाचा आहेत. जीसीओएस तेल सापडण्याची शक्यता सांगतो, ते काढणं परवडेल याची नाही. आणि पाच वेगवेगळ्या जागांचे अंदाज एकमेकांत मिळवून मोठा आकडा छापलेला असेल, तर त्यातली प्रत्येक जागा स्वतंत्रपणे नापास होऊ शकते. एकच धोका सगळ्यांना सामायिक असेल, म्हणजे तेल जिथं तयार झालं तो थरच नसेल, तर पाचही एकदम जातात.

जाहीर आकडा आणि हाती आलेला वायू यांतलं अंतर आपल्याकडे कृष्णा-गोदावरी (केजी) खोऱ्यानं दाखवलं आहे. २००५ मध्ये गुजरातच्या जीएसपीसीच्या ब्लॉकमध्ये २० टीसीएफ (लाख कोटी घनफूट) वायू असल्याची घोषणा झाली. पुढे तो आकडा फार खाली आला, आणि २०१७ मध्ये ८० टक्के वाटा ओएनजीसीला विकला गेला. त्याच खोऱ्यातल्या केजी-डी६ ब्लॉकमध्ये १० टक्के वाटा असलेल्या कॅनडाच्या निको रिसोर्सेसचा भाव एके काळी शंभर डॉलरच्या वर होता. उत्पादन घसरत गेलं, इंडोनेशियातल्या खोल समुद्रातल्या विहिरींनी निराशा केली, आणि काही वर्षांत तो सेंटमध्ये मोजायची वेळ आली.

तेल सापडलं, पैसे कोण देणार?

नवखा माणूस विचारतो, 'तेल आहे का?' जुना विचारतो, 'रोख किती आहे आणि शेअर किती होतील?' सगळा धंदा या दुसऱ्या प्रश्नावर चालतो, आणि घाईत असलेल्यांना तोच कंटाळवाणा वाटतो.

ऑस्ट्रेलियाच्या एफएआर लिमिटेडचं बघा. सेनेगलच्या समुद्रात तिचा १५ टक्के वाटा. २०१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथं लागोपाठ दोन विहिरींना तेल लागलं, त्यातला एसएनई हा त्या वर्षीच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलशोधांपैकी एक. छोट्या कंपनीला याहून चांगलं नशीब मागता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये भागीदारांनी सांगोमार (एसएनईचंच नवं नाव) प्रकल्पाचा अंतिम गुंतवणूक निर्णय घेतला. पहिल्या टप्प्याचा खर्च ४.२ अब्ज डॉलर, आणि तेव्हापासून वाट्याप्रमाणे दर महिन्याला पैसे भरायचे. एफएआरनं नवे शेअर काढून रक्कम जमवली होती, बाकीची कर्जातून येणार होती. मार्चमध्ये कोविड आणि तेलाचा भाव दोन्ही एकदम आदळले, कर्ज हातचं गेलं, आणि जूनमध्ये कंपनी हप्ता भरू शकली नाही. भागीदारी करारात अशा वेळी वाटाच गमावण्याची तरतूद असते. २०२१ मध्ये तो वाटा वुडसाइडला गेला: ४.५ कोटी डॉलर, झालेल्या खर्चाची भरपाई, आणि पुढे भाव-उत्पादन जमलं तर जास्तीत जास्त आणखी ५.५ कोटी. सांगोमारमधून पहिलं तेल जून २०२४ मध्ये आलं. शोध खरा होता, तेल खरं होतं, भागीदार मात्र बदललेला होता.

आपल्या काल्पनिक कंपनीकडे परत येऊ. विहिरीचा खर्च ५ कोटी डॉलर, तिचा वाटा १ कोटी. बँकेत ४० लाख. ऑफिस, पगार आणि लायसन्स फी वर्षाला ३० लाख. म्हणजे ड्रिलिंगआधी ९० लाख डॉलर, अंदाजे ६८ लाख पाउंड, उभे करावे लागणार. ते 'प्लेसिंग'मधून येतात: ठरावीक संस्थांना रातोरात नवे शेअर, बाजारभावाहून स्वस्त. ५ पेन्सचा शेअर साडेतीनला दिला तर १९ कोटींहून जास्त नवे शेअर. वर गोडी म्हणून दोन शेअरमागे एक वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावात नवा शेअर घ्यायचा हक्क. ६० कोटींचे ७९ कोटी झाले, वॉरंट धरले तर ८९ च्या जवळ. पुण्यात बसलेल्या किरकोळ गुंतवणूकदाराला त्या साडेतीनच्या भावात सहसा कुणी बोलावत नाही. सकाळी बातमी कळते तेव्हा भाव तिथं येऊन बसलेला असतो.

म्हणून घेण्यापूर्वी हे बघा, आणि याच क्रमानं. ऑस्ट्रेलियातली कंपनी असेल तर दर तिमाहीचा 'अपेंडिक्स ५बी' उघडा. कलम ८ मध्ये कंपनीला स्वतःच लिहावं लागतं की सध्याच्या खर्चानं पैसे किती तिमाही पुरतील. आकडा दोनच्या खाली असेल तर खुलासाही द्यावा लागतो. बहुतेक लोक हे पान कधीच उघडत नाहीत, भूकंपीय नकाशे मात्र तास तास बघत बसतात. एआयएमवर तिमाही सक्ती नाही. तिथं सहामाही अहवालातली रोख घ्या, मधल्या महिन्यांचा खर्च वजा करा, आणि लेखापरीक्षकाच्या अहवालात 'गोइंग कन्सर्न', म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का, हा भाग शोधा. त्यापुढे 'मटेरियल अनसर्टन्टी', म्हणजे त्याबद्दल मोठी शंका, आली तर प्लेसिंग दारात उभं आहे असं समजा. शेअरची ताजी संख्या कंपनीच्या संकेतस्थळावर 'नियम २६' च्या पानावर असते. ब्रोकरच्या ॲपमधलं बाजारमूल्य कधी कधी जुन्या संख्येवर काढलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

मोठी कंपनी फार्म-आउटमध्ये येऊन, म्हणजे वाटा घेऊन त्याबदल्यात, विहिरीचा खर्च उचलणार असेल तर चांगलंच, फक्त त्या उचललेल्या खर्चाची, म्हणजे 'कॅरी'ची, कमाल मर्यादा वाचा. रिग भाड्यानं, भाडं दिवसावर. ड्रिलिंग पाइप अडकला किंवा बाजूनं नवं भोक पाडावं लागलं की मर्यादा ओलांडली जाते, आणि वरचा खर्च पुन्हा वाट्याप्रमाणे.

बातमीचा मथळा वाचून ऑर्डर टाकणं

लंडनच्या बातम्या तिथल्या सकाळी ७ ला येतात. पुण्यात तेव्हा हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. बाजार त्यानंतर तासाभरानं उघडतो. तो तास वाचायला आहे. लोक तो ग्रुपवर रॉकेटची चित्रं टाकण्यात घालवतात.

'ऑइल शोज' म्हणजे खडकाच्या चुऱ्यात तेलाचा माग दिसला, एवढंच. 'ग्रॉस इंटरव्हल' म्हणजे थराची सगळी जाडी. कामाचा आकडा 'नेट पे', म्हणजे त्यातली खरोखर तेल देऊ शकणारी जाडी, आणि तोच नसला तर का नाही, हा पहिला प्रश्न. 'चांगला रिझर्व्हॉयर मिळाला' असं कौतुकानं लिहिलं आणि हायड्रोकार्बनचा उल्लेख नाही, तर त्या सुंदर खडकात पाणी आहे. विद्युत लॉगवरून, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींवरून, काढलेला निष्कर्ष आणि द्रवाचा प्रत्यक्ष नमुना यांत फरक असतो. फॉकलंड बेटांजवळ डिझायर पेट्रोलियमनं डिसेंबर २०१० मध्ये रेचल नॉर्थ विहिरीत तेल लागल्याचं जाहीर केलं. काही दिवसांत नमुन्यात मुख्यतः पाणी निघालं, आणि भाव एका दिवसात निम्म्यावर आला. मधल्या दिवसांत आनंदानं विकत घेणारे होतेच.

नमुन्यात तेल निघालं तरी ते कसलं आहे? ऑगस्ट २०१९ मध्ये गयानाच्या ओरिंडुइक ब्लॉकमध्ये जेथ्रो विहिरीला तेल लागलं. १५ टक्के वाटा असलेल्या इको अटलांटिकचा शेअर उसळला. नोव्हेंबरमध्ये कळलं की तेल जड आहे, गंधकही जास्त. उसळी आली तशी गेली. म्हणून पहिल्या बातमीत एपीआय अंश, म्हणजे तेल किती हलकं-जड ते सांगणारा आकडा, दिलेला नसेल तर मी काहीच करत नाही, दुसऱ्या बातमीची वाट बघतो. 'संधी हुकेल' म्हणणाऱ्यांची हुकू दे.

उलटी चूकही होते. 'प्लग्ड अँड अबँडन्ड' वाचून घाबरून विकणारे भेटतात. शोधविहीर यशस्वी झाली तरी ती सिमेंटनं बंद करतात, त्यात वाईट काही नाही.

आणि शोध लागला म्हणजे पुढच्या वर्षी लाभांश, असंही नाही. रॉकहॉपर कंपनीला फॉकलंडजवळच सी लायनमध्ये २०१० मध्ये तेल मिळालं. २०२४ संपलं तरी अंतिम गुंतवणूक निर्णय झालेला नव्हता.

बाकीच्या, भराभर

लंडनचे भाव पेन्समध्ये असतात. ४.५ म्हणजे साडेचार पाउंड नव्हेत. संख्या टाकताना शंभरपट चूक करणारे इंजिनिअर आहेत.

आपल्यासारखं खालचं सर्किट तिथं नाही. कोरड्या विहिरीच्या सकाळी शेअर ७० टक्के खाली उघडू शकतो, आणि स्टॉप-लॉस ४ ला लावलेला असला तरी विक्री दीडला होते. विहिरीच्या निकालाआधी किती ठेवायचं ते आधीच ठरवा. निम्मं निकालाआधी विकणं ही माझी सवय आहे, आणि तिच्यावर हसणाऱ्यांना खुशाल हसू द्या.

मार्केट ऑर्डर नको. ४.२ ला घेणारा आणि ४.८ ला देणारा असेल तर आत शिरतानाच आठवा हिस्सा गेला. लिमिट ऑर्डर टाका आणि थांबा.

विहीर कोरडी निघाल्यावर ॲव्हरेज करू नका, म्हणजे स्वस्तात आणखी घेऊन सरासरी खाली आणू नका. जे घेतलं होतं ते आता तिथं नाही.

मार्जिनवर (उसन्या पैशांवर) किंवा सीएफडीवर (शेअर न घेता फक्त भावातल्या फरकावर) खेळायचा मोह आवरा. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, परदेशात मार्जिन भरायला पैसे पाठवता येत नाहीत. ॲप परवानगी देतं म्हणून कायदा देत नाही.

कराचं, कारण तेच शेवटी आठवतं

एलआरएसची मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो परत मिळतो, पण तोवर अडकतो. विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायचं आहे, शेअर शून्यावर आले असले तरी. त्यातलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, एप्रिल ते मार्च नव्हे. ब्रोकरचं ३१ डिसेंबरचं स्टेटमेंट तेव्हाच उतरवून ठेवा, जुलैत सीएकडे गेल्यावर शोधाशोध नको.

आता तोट्याचं. एआयएमवरची कंपनी ७५ टक्के मतांनी स्वतःला बाजारातून काढून घेऊ शकते. तिच्या 'नोमॅड' सल्लागारानं काम सोडलं आणि महिनाभरात दुसरा मिळाला नाही, तरीही नोंदणी रद्द होते. त्यानंतर तुमच्या खात्यात शेअर दिसत राहतात, घ्यायला कुणी नसतं, आणि विक्रीच नाही म्हणून भांडवली तोटाही दाखवता येत नाही. रद्द होण्याची तारीख जाहीर झाली की मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हा. २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वळता होतो, त्याहून कमी ठेवलेल्याचा दोन्हींतून, आणि उरलेला पुढची ८ वर्षं ओढता येतो. मात्र त्यासाठी त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं लागतं.